गाणी वगळून आकाशवाणी: तुमच्यासाठी नसलेलं काय काय ऐकलंत?

मध्यमलहरी
आकाशवाणीवरचा कुठलाही धागा चार प्रतिसादांत गाण्यांवर जातो. ‘आपली आवड’, ‘बेला के फूल’, मग कुणीतरी सिलोन काढतं आणि संपलं. म्हणून इथे नियम एकच: गाणी बंद. फक्त बोललेला रेडिओ.

सत्तर-ऐंशीच्या दशकातला साधा वार डोळ्यांसमोर आणा. संकेतधून, वंदे मातरम्, चिंतन. सकाळी ६.५५ला संस्कृत बातम्या, ७.०५ला पुण्याहून प्रादेशिक बातम्या. दुपारी वनिता मंडळ. संध्याकाळी मुंबईवर कामगार सभा, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव. मग एखादं भाषण, मुलाखत किंवा श्रुतिका (रेडिओवरची छोटी नाटिका). पावणेनऊला हिंदी बातम्या, नऊला इंग्रजी, त्यामागून ‘स्पॉटलाइट’ हे बातम्यांवरचं भाष्य.

माझं म्हणणं असं की यातला जेमतेम एखादा कार्यक्रम आपल्यासाठी असायचा. बाकी सगळे दुसऱ्या कुणासाठी. पण घरात सेट एक, तो फळीवर, आणि कान पिळायचा हक्क वडिलांचा (सेटचे आणि आमचे, दोन्ही). त्यामुळे जे लागेल ते कानावर पडायचं. डोंबिवलीत राहून मला उसावरची पायरिला नावाची कीड ठाऊक होती, ऊस मात्र फक्त रसवंतीत पाहिलेला.

तर सांगा, तुमच्यासाठी नसलेला, तरी डोक्यात घट्ट बसलेला कार्यक्रम कोणता?

भोचक
संस्कृत बातम्या! “इयम् आकाशवाणी। सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्। प्रवाचकः बलदेवानन्दसागरः।” पुढचं एक अक्षर कळायचं नाही, पण हे संपलं की आंघोळीला पिटाळायचे. आठवीत संस्कृत घेतल्यावर पहिल्याच तासाला बाईंना हे म्हणून दाखवलं. बाई खूश. तिमाहीत अकरा मार्क. बाई नाखूश.

आजोळ
मस्त विषय. आमच्याकडे वनिता मंडळाचे सगळ्यांत निष्ठावंत श्रोते होते आमचे बाबा!

बाबा परळला गिरणीत साळखात्यात (विणकाम खात्यात) होते, बहुतेक दुसरी पाळी. म्हणजे दुपारपर्यंत घरी. जेवण करून कामावर निघेपर्यंत रेडिओ चालू. आई भांड्यांशी, आम्ही शाळेत, आणि बाबा वनिता मंडळ ऐकतायत. वनिता मंडळाच्या लीलावती भागवतांचं नाव त्यांच्या तोंडी एवढं असायचं की शेजारच्या काकूंना वाटायचं कुणी नात्यातल्या आहेत. पाककृती ते जुन्या वहीत उतरवून घ्यायचे. बाळाला वरचं अन्न कधी सुरू करावं हे माझ्या आत्याला बाबांनी सांगितलं होतं, आजीने नाही.

गंमत पुढे आहे. खास कामगारांसाठी असलेली ‘कामगार सभा’ बाबांना कधी मिळायचीच नाही. ती लागायची तेव्हा ते साच्यावर (मागावर)! ती ऐकायची आई. बोनस, भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा योजना, सगळं तिला तोंडपाठ. ब्याऐंशीच्या संपात चाळीतल्या बायका आईला कायद्याचं विचारायला यायच्या.

मध्यमलहरी
@आजोळ, कार्यक्रमांच्या वेळा ठरवणाऱ्याला हे कळलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता. यासाठीच धागा काढला होता, बघा.

टेकाडेप्रेमी
‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकांचं नाव अजून नाही? निषेध! प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी. तीन आवाज, एक घर आणि रोजचा एखादा प्रश्न: भाववाढ, रांगा, पाण्याची वेळ. कुडतरकर तेव्हा फिल्म्स डिव्हिजनच्या मराठी माहितीपटांतही असायचे. मी थिएटरात मूळ सिनेमाआधी तो आवाज ऐकून मोठ्याने “भावोजी!” म्हणालो होतो.

भोचक
आणि नीलम प्रभू म्हणजे करुणा देव, यशवंत देवांच्या पत्नी. आता देव म्हटलं की गाणी आठवणार, म्हणून इथेच थांबतो.

वैदर्भी
सगळे मुंबई-पुण्याचंच बोलताहेत म्हणून लिहिते. नागपूर केंद्र १९४८चं, पुणे १९५३चं. म्हणजे वयाने आम्ही मोठे. मान द्या!

आता विषयावर. माझा थोडा विरोध आहे. ‘दुसऱ्यासाठीचं ऐकलं’ हे ऐकायला छान वाटतं, पण बोलणारे कोण होते हेही बघा. भाषण, परिसंवाद, मुलाखत, सगळं छापील मराठीत. आमच्या घरी जी बोली बोलत ती रेडिओवर फक्त दोन ठिकाणी यायची: शेतकी कार्यक्रमात किंवा श्रुतिकेतल्या विनोदी गड्याच्या तोंडी. माझी आजी म्हणायची, “हे आपल्यासारखं बोलते तवा खताचंच बोलते.” म्हणजे शहरातल्याला पायरिला समजला हे ठीक. पण गावातल्याला शहरातलं जे ऐकवलं ते ‘समजावून सांगणं’ होतं. दोन्ही बाजूंनी सारखा व्यवहार नव्हता.

सांगलीकर
वैदर्भीताई, मुद्दा बरोबर हाय, पण अर्धाच. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकर होते, तेही वर्षानुवर्षं. शंकर पाटील पण त्याच केंद्रावर काम करून गेले. ही माणसं गडी म्हणून हसण्यावारी न्यायला बसवलेली नव्हती.

आणि १९५६चा पुण्याचा शेतकरी रेडिओ मंडळांचा प्रयोग कुणाला माहितीय का? युनेस्कोच्या मदतीनं झाला होता. पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं, आमच्या शेजारचा कोल्हापूर जिल्हा त्यात होता. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातनं दोनदा कार्यक्रम, असे एकूण वीस. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चा. चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राला कळवायचे आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं घोषवाक्यच होतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला. निष्कर्ष चांगले आले म्हणून १९५९पासनं ही मंडळं देशभर सुरू झाली.

म्हणजे एकतर्फी समजावणं सोडायचा प्रयत्न सरकारीच माणसांनी केला होता. पुढं सगळीकडं तसा टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

वैदर्भी
@सांगलीकर, ही माहिती चांगली दिली. ‘प्रश्न केंद्राला कळवायचे’ हे फार आवडलं. माझा मुद्दा मात्र कायम. त्या मंडळातला शेतकरी प्रश्न विचारणारा होता. दहा मिनिटांच्या भाषणाला त्याला कुणी बोलावलं असेल?

कंटाळलेला
मी जरा खडा टाकतो. तुम्ही सगळे हे कार्यक्रम आवडीने ऐकत होतात की दुसरं काही नव्हतं म्हणून? मला आठवतो तो कंटाळा. ‘अल्पबचतीचे महत्त्व’. ‘कुटुंबनियोजन आणि आपण’. कुणीतरी प्राध्यापक एका सुरात वाचतोय, मध्ये पान उलटल्याचा आवाज, घसा खाकरणं. सरदार पटेल स्मृती व्याख्यानं १९५५पासूनची, पहिलं राजाजींचं, सगळी थोर माणसं मान्य. पण घरातला एकही माणूस ते शेवटपर्यंत ऐकत नसे, आणि आज सगळे डोळे पुसतायत. सरकारी ते सरकारीच. विरोधी पक्षाचं एक वाक्य ऐकायला लोक बीबीसी लावत होते, हेही लिहा ना कुणीतरी.

भोचक
@कंटाळलेला, नाव सार्थ केलंत.

माजी_नैमित्तिक
बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी एका केंद्रावर काही वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो. (कुठल्या ते विचारू नका, अजून ओळखीचे आहेत.) कंटाळलेला यांनी पानाचा आवाज काढला म्हणून आतली बाजू सांगतो.

भाषणाचा करार दहा मिनिटांचा. संहिता आधी मागवायची, ती वाचून मंजूर व्हायची. वक्ता आला की आधी कागदाची टाचणी काढायची, पानं सुटी करायची आणि सांगायचं, उलटू नका, बाजूला सरकवा. निम्मे वक्ते लाल दिवा लागला की हे विसरत. आणखी एक प्रकार म्हणजे घाई. घरी दहा मिनिटं भरलेलं भाषण माइकसमोर सातात संपायचं. उरलेल्या तीन मिनिटांचं काय? वाद्यसंगीत! तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल की भाषणानंतर सतार लावायची आकाशवाणीची परंपरा होती. परंपरा कसली, प्राध्यापक घाबरले होते.

उलट झालं तर अवघड. पावणेनऊला दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करायच्या (आमच्या केंद्रावरून त्याच क्षणी द्यायच्या) म्हणजे करायच्याच. तिथे सेकंदाचीही माफी नाही. कादंबरीकार असो की कुलगुरू, वेळ झाली की फेडर (आवाजाची पट्टी) खाली. एका नामवंतांचं वाक्य “आणि म्हणून मला शेवटी एवढंच” इथे कापलं मी. ते शेवटी एवढंच काय होतं, ते राहूनच गेलं. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

मंजुरीबद्दल: हो, राजकीय टीका जात नसे. पण संहिता तपासणारे सगळेच हुजरे होते असं नाही. मर्ढेकर आकाशवाणीत होते. पाडगावकर होते, पु.ल. होते. संहितेत ‘विशद करणे’ तीनदा आलं तर दोनदा काटणारे लोक होते. बोलायच्या भाषेत लिहा, हे महाराष्ट्रातल्या किती लेखकांना आकाशवाणीने शिकवलं, याची कुठे नोंद नाही.

दुःख एकच, टेपा. स्पूल टेप महाग, तुटवडा कायमचा. प्रसारण झालं की ठरावीक दिवसांनी पुसून त्यावरच पुढचं ध्वनिमुद्रण. वैदर्भी यांच्या प्रश्नाचं उत्तर देतो: शेतकऱ्यांना बोलावलं जायचं, आमच्याकडे तरी. एका धनगर आजोबांनी पाऊस कसा ओळखायचा यावर पंधरा मिनिटं न थांबता सांगितलं होतं, हातात कागद नाही, अडखळणं नाही. ती टेप पुढच्या महिन्यात अल्पबचतीला गेली.

वैदर्भी
@माजी_नैमित्तिक, हे वाचून रागही आला आणि हसूही. अल्पबचत!!

कंटाळलेला
असं आतलं लिहीत राहा काका. मी आपलं मत बदलत नाही, पण वाचतो.

तालुकावार्ता
‘दुसऱ्यासाठी’ म्हणाल तर माझं उत्तर तयार आहे: धीमी गति के समाचार. दिल्लीहून यायचे, खास छोट्या वर्तमानपत्रांसाठी, ज्यांना टेलिप्रिंटर (तारेवरून आलेल्या बातम्या छापणारं यंत्र) परवडत नसे. निवेदक एकेक तुकडा लिहून घेण्याच्या वेगाने, दोनदा वाचायचा. नावं फोडून. ‘पूर्णविराम’सुद्धा म्हणून दाखवायचा.

माझे काका तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवत. ते हिंदीतून ऐकत आणि थेट मराठीत लिहीत. मी शेजारी शाईची दौत धरून. आमच्या घरात दुसरा कुणी बोलला तर काका नुसता हात वर करायचे. मी लहानपणी भांडतानाही म्हणायचो, “तू चोर आहेस, पूर्णविराम.”

कोकणकडा
आमच्याकडे रत्नागिरी केंद्र. मच्छीमारांसाठीचा हवामानाचा इशारा लागला की घरात शांतता, आणि आमच्या घरात होडी सोडाच, कुणाला पोहताही येत नव्हतं. पण शेजारचे चार दालदी मच्छीमार समुद्रावर असायचे. आई हातातलं काम ठेवून ऐकायची.

बाय द वे, नियम मोडतो, पण शेवटी आपली आवडमध्ये ते एक गाणं लागायचं ना, ते

मध्यमलहरी
गाणी बंद!

कोकणकडा
😄 बरं.

नाट्यवेडा
नभोनाट्यावर (रेडिओवरच्या नाटकावर) कुणीच लिहिलं नाही? नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम, १९५६पासूनचा. महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री साडेनऊला. कल्पना बघा: एक नाटक निवडायचं, समजा मूळ कन्नड किंवा बंगाली. त्याची सगळ्या प्रमुख भाषांत भाषांतरं करायची, आणि त्याच रात्री त्याच वेळी प्रत्येक केंद्राने ते आपापल्या भाषेत, आपापल्या नटांकडून सादर करायचं. म्हणजे आम्ही साताऱ्यात जे मराठीत ऐकतोय तेच मद्रासला तमिळमध्ये आणि गुवाहाटीला असमियात चाललंय. हे मला वडिलांनी सांगितलं होतं. मी काय केलं असेल? सुई फिरवून दुसरं केंद्र लावलं, खरंच तेच चाललंय का बघायला. खरखरीतून गुजराती संवाद आले. प्रसंगसुद्धा तोच, दार वाजण्याचा!

मूळ प्रश्नाला धरून सांगतो, ही नाटकं माझ्यासाठी अजिबातच नव्हती. नवरा-बायकोचे बेबनाव, वारसाहक्क, जमीनदार. दहाव्या वर्षी मला मोठ्यांच्या जगाची बरीच बातमी तिथून लागली.

गोंयकार
जरा बाहेरचं लिहितो, चालेल ना? सावंतवाडीला माझं आजोळ. १९५५च्या नोव्हेंबरात गोव्याच्या मुक्तीसाठी एक गुप्त केंद्र सुरू झालं, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत. प्रक्षेपक ट्रकवर, आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉककडे. कोंकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत, रोज, १९६१पर्यंत. पोर्तुगीजांनी एमिसोरा द गोवा या त्यांच्या रेडिओ केंद्रावरून जो प्रचार चालवला होता, त्याला हे उत्तर.

आजोबा सावंतवाडीत बसून ते ऐकत. श्रोता म्हणून त्यांना कुणी धरलंच नव्हतं. पोर्तुगीज भागही ऐकत, भाषा न कळता. म्हणत, बाई रागावलीय एवढं कळतं, पुरे. १९ डिसेंबर १९६१ला त्याच लिबियाबाईंनी विमानातून, ध्वनिवर्धक लावून, गोवा मुक्त झाल्याचं जाहीर केलं. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि एमिसोराचं झालं आकाशवाणी पणजी.

मध्यमलहरी
@गोंयकार, विषयाबाहेर कसलं? धागा तुमच्या नावावर करू का?

दांडीगुल
क्रिकेटचं मराठी समालोचन! बाळ ज. पंडित. ‘यष्टीरक्षक’, ‘पायचीत’ हे शब्द शाळेच्या मैदानावर त्यांच्यामुळे आले. माझी आजी क्रिकेट न बघता क्रिकेट जाणणारी. दूरदर्शनवर पहिल्यांदा मॅच बघितली तेव्हा निराश झाली. म्हणाली, एवढंसंच असतं का मैदान?

मस्कतकर
मी सध्याचं लिहितो. न्यूज ऑन एअर अॅपवर आता देशभरातली केंद्रं लागतात. इथे मस्कतमध्ये गाडीत मी पुणे, जळगाव, परभणी वाटेल ते ऐकू शकतो. ऐकतो काय? प्रादेशिक बातम्या, तेवढ्या झाल्या की बंद. कारण हातात निवड आहे. मध्यमलहरींचा मुद्दा मला इथे पटतो. पायरिलावर कार्यक्रम लागला तर मी सेकंदात पुढे जाईन. आमच्या वेळी पुढे जायला वाटच नव्हती.

कंटाळलेला
म्हणजेच सक्तीचं ऐकणं. तेच तर मी वर म्हणालो! फक्त तुम्ही त्याला संस्कार म्हणताय.

आजोळ
सक्ती होती हो, कोण नाही म्हणतंय. पण बाबांवर वनिता मंडळाची सक्ती कुणी केली नव्हती. ते बटण बंद करून झोपू शकत होते. मस्कतकरांच्या गाडीतसुद्धा कुणी थांबून ऐकेल की. वेळ मोकळा पाहिजे आणि ‘हे बायकांचं’ म्हणून नाक मुरडायची सवय नको.

नवीपिढी
मी २००१चा. हे वाचून पॉडकास्टच्या जमान्यातला माणूस म्हणून एक विचारतो. पॉडकास्टही बोललेलंच असतं, आणि दोन-दोन तास लोक ऐकतात. मग बोलणं मेलं असं कसं? फरक एवढाच दिसतो की माझं अॅप मला माझ्याच वयाच्या, माझ्याच धंद्यातल्या माणसांचं ऐकवतं. माशांचं हवामान मला कधीच येणार नाही.

वैदर्भी
@नवीपिढी, बरोबर पकडलं. आणि माझ्या तक्रारीचंही थोडं उत्तर त्यात आहे, कारण आज वऱ्हाडीत बोलणारे किती तरी जण स्वतःच्या फोनवर बोलतात, कुणाच्या मंजुरीशिवाय. फक्त ते पुण्याला ऐकू जात नाहीत.

तेवढं एक राहिलं. रात्रीचा दिवस कुणी मोजलाच नाही. १८ मे १९८८ला सुरू झालेला राष्ट्रीय चॅनल! प्रक्षेपक आमच्या नागपूरचा, एक हजार किलोवॅटचा, १५६६ किलोहर्ट्झ. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालायचा, रात्रभर तासातासाला बातम्या. माझे काका वीज मंडळात रात्रपाळीला होते, त्यांचा तोच सोबती. २०१९च्या सुरुवातीला तो बंद केला. त्यावर कुठे धागा निघाला होता का? नाही ना? विविध भारती बंद झाली असती तर बघितलं असतं.

माजी_नैमित्तिक
वैदर्भीताई, शंभर टक्के. बोललेल्या रेडिओला रडणारं कुणी नसतं, कारण ते गुणगुणता येत नाही.

दांडीगुल
हे सगळं वाचून कपाटातला ट्रान्झिस्टर काढला, सेल घातले, पुणे ७९२ किलोहर्ट्झ लावलं. नुसती घरघर! केंद्र आहे ना चालू?

मध्यमलहरी
घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून बघा. मध्यम लहरींत सगळ्यांत जास्त घाण त्यांचीच येते. सेट खिडकीशी न्या आणि हळूहळू आडवा फिरवा. आत फेराइटची कांडी असते, ती केंद्राकडे टोक करून असली तर आवाज पडतो, बाजू करून असली तर उचलतो. एरियल ओढून उपयोग नाही, ती एफएम आणि लघुलहरींसाठी.

दांडीगुल
चार्जर काढला, आलं! कांद्याचे भाव चाललेत. बायको विचारतेय, आपल्याला विकायचाय का?